होल्डवरचा डबा

भोसरीतल्या त्या चाळीत खोली मागायला गेलो तेव्हा मालकांनी आधी माझी नखं बघितली.

"मेंटेनन्स का?"

"हो."

"ग्रीस कडंला हाय, आत न्हाई. म्हंजे धुतोस. पर घाईत धुतोस."

मग माझी बॅग उचलून हलवून बघितली. माझ्या बायकोला नमस्कार केला. मुलीला विचारलं, शाळेत पट्टी नेतेस का? ती म्हणाली, मोडली. मालक आत गेले आणि स्टीलची सहा इंची पट्टी आणून तिच्या हातात ठेवली. "लाकडाची वापरायची न्हाई. पावसाळ्यात फुगती." एवढं झाल्यावर त्यांनी खोली नंबर सातच्या कडीला तारेनं एक हिरवं कार्ड बांधलं. त्यावर लिहिलं होतं: माल स्वीकारला.

माल म्हणजे आम्ही तिघं. मी लातूरकडचा, चाकणच्या एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मेंटेनन्सला लागलेला. त्या दिवसापासून मालकांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी 'सात नंबर'. त्यांचं नाव मलाही भाडेपावतीवरच दिसायचं. सगळी चाळ त्यांना मालक म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू.

मालक मूळचे भोसरीचेच. शेत एमआयडीसीत गेलं, त्याच्या बदल्यात की कशात एका वर्कशॉपमध्ये नोकरी मिळाली, ती इन्स्पेक्शनच्या टेबलावर. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजल्या. मग रिटायर झाले, पण फक्त पगारापुरते. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, मालक व्हर्निअर ठेवत, जाडी मोजायची ती सरकत्या चोचींची पट्टी. बाथरूमची कडी, गॅसची नळी, काकूंची भाकरी, काहीही त्या दोन चोचींत धरून डोळ्यांसमोर न्यायचे. भाकरी जाड असली की बोलायचे नाहीत, एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ असली की बोलायचे. काकू म्हणायच्या, "फुडल्या जल्मी ह्यांचं लगीन मी त्या पट्टीशीच लावून देते. बघू पट्टी कशी नांदती."

चाळीत तीन रंगांची कार्डं चालायची. हिरवं म्हणजे पास. लाल म्हणजे रिजेक्ट: गळका नळ, वायर उघडी पडलेलं बटण, एकदा दारू पिऊन जिन्यात झोपलेला खोली चारमधला कोकणातला वेल्डर. त्याच्या बुटाला बांधलं होतं. आणि पिवळं म्हणजे होल्ड. पिवळ्यावर मालकांचं फार प्रेम.

"लाल लावायला अक्कल लागत न्हाई, सात नंबर. कोनीबी लावतो. पिवळा लावायला लागती. पिवळा म्हंजे आपुन थांबलोय. ज्यानं माल दिला त्यानं यावं, काय झालं त्ये सांगावं, मग ठरवू."

आणि एक नियम होता, तो त्यांनी कंपनीतनं जसाच्या तसा घरी आणला होता. टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. या नियमापायी एकदा मोठी गंमत झाली. मालकांनी पिठल्याच्या कढईला पिवळं कार्ड बांधलं, 'मीठ संशयित' असं लिहून. काकूंनी एक लाल कार्ड घेतलं, त्यावर 'भंगार' लिहिलं आणि मालकांच्या टोपीला मागून अडकवलं. मालकांना ते भाजी मंडईत गेल्यावर कुणीतरी सांगितलं. त्यांनी काढलं नाही. कोथिंबीर घेतली, मिरच्या घेतल्या, लोक हसत होते, आणि ते तसेच भंगाराचं कार्ड डोक्यावर घेऊन घरी आले आणि काकूंसमोर उभे राहिले.

"काढ."

"पिठल्यात मीठ बराबर व्हतं का?"

"जराशी खारट बाजू व्हती."

"मग ऱ्हाऊ द्या."

संध्याकाळपर्यंत राहिलं. शेवटी मालकांनी 'मीठ बरोबर' असा लेखी निकाल दिला तेव्हा काकूंनी ते काढलं.

हे सगळं मी आजवर पुष्कळदा सांगितलंय. जेवणाच्या सुट्टीत, लग्नाच्या पंगतीत, लोक हसून हसून पडतात. पुढचं मात्र इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

मालकांच्या मानेला गाठ आली, ती त्यांना दाढी करताना लागली. दुसरा कुणी घाबरला असता किंवा शेक देत बसला असता. मालकांनी व्हर्निअर लावलं. तीन आठवडे रोज सकाळी दात घासून झाले की गाठ मोजायची आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ठिपका काढायचा. ठिपके जोडून आलेख झाला. मग तो आलेख गुंडाळून बगलेत मारून माझ्या दारात आले.

"सात नंबर, सुट्टी टाक. ट्रेंड वाढता हाय."

मी त्यांना गाडीवर मागे बसवून पिंपरीला हॉस्पिटलात नेलं. पुढं तपासण्या झाल्या, तुकडा काढला, रिपोर्ट आला: लिम्फोमा, गाठींचा कॅन्सर. केमो द्यायची. कॅन्सरच्या डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बारीक, चष्म्यातून थेट बघणाऱ्या. मालकांनी आलेख त्यांच्या टेबलावर पसरला. त्यांनी तो नीट बघितला आणि म्हणाल्या, "असा पेशंट मला पहिल्यांदाच भेटतोय. पण पुढच्या वेळी तीन आठवडे थांबू नका."

"फुडली वेळ नको, बाई."

बाईंनी समजावून सांगितलं. औषधांमध्ये एक लाल रंगाचं आहे, ते शिरेतून जाईल. गाठींवर चांगलं, पण हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं. म्हणून माणसाला जन्मभरात ते किती द्यायचं याला मर्यादा असते, आणि हृदय रक्त किती जोरात ढकलतंय हे मधूनमधून इको काढून बघावं लागतं.

मालक पुढं सरकले. "नॉमिनल किती?"

"काय?"

मी म्हणालो, "आकडा किती असायला हवा, विचारतायत."

"तुमचा आत्ता चौसष्ट आहे. छान आहे. पन्नासच्या खाली गेला तर मला काळजी."

"लोअर लिमिट पन्नास," मालक माझ्याकडं वळून म्हणाले, जणू मी ते वहीत टिपून घेणार होतो. बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला होता की बाकावर बसलेल्या बायांना वाटलं, रिपोर्ट नॉर्मल आला. "बाई क्वालिटीतली हाय, सात नंबर! औषध देती आन् औषधावर इन्स्पेक्शनबी ठिवती."

मग भोसरी जागी झाली. ज्याला त्याला मालकांना बरं करायचं होतं. कुणी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी कसली राख. गावातला एक पैलवान बाटली घेऊन आला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मूळव्याधीपासून कॅन्सरपर्यंत सगळ्याला ती एकच बाटली.

मालकांनी बाटली उजेडात धरली. "बॅच नंबर?"

"आं?"

"बनवली कवा? कशाची हाय? कागद?"

"कागद कशाला, मालक? इश्वास ठिवा."

"इश्वास हाय. पर कागद न्हाई तर माल न्हाई." बाटलीला लाल कार्ड बसलं. पैलवान जाताना काकूंना म्हणाला, "डोक्यावर परिणाम झालाय औषधाचा." काकू म्हणाल्या, "न्हाई बाबा, त्ये आधीपासून."

आता लिऊभाऊंबद्दल सांगायला हवं.

आमच्या कंपनीनं चीनची एक प्रेस लाइन घेतली होती आणि ती बसवायला तिकडून जो माणूस आला त्याला सगळी पोरं लिऊभाऊ म्हणायची. सहा महिने होता. चाकणच्या हॉटेलातलं जेवून त्याचं तोंड सुजायचं, म्हणून रविवारी मी त्याला घरी आणायचो. पहिल्या रविवारी मालक दारातच उभे. त्यांनी नेहमीप्रमाणं पाहुण्याचे हात बघायला घेतले. लिऊभाऊला काय कळलं कोण जाणे, त्यानं खिशात हात घातला आणि स्वतःचं व्हर्निअर बाहेर काढलं. डिजिटल.

मालकांनी त्याला मिठीच मारली. एकाला मराठी येईना, दुसऱ्याला चिनी येईना, आणि दोघांनी मिळून अख्खी दुपार चाळ मोजली. जिन्याचा कठडा, माझ्या पोरीचं खोडरबर, काकूंची भाकरी. भाकरीवर दोघांचं एकमत झालं. काकूंनी दोघांनाही वाढायचं बंद केलं.

पहिली केमो होऊन मालकांचे केस गेले तेव्हा लिऊभाऊ त्यांच्याकडं बघत राहिला. मग त्यानं फोन काढला. तो चिनीत बोलायचा आणि फोनमधली बाई ते आपल्या मराठीत, बातम्या दिल्यासारखं, सांगायची.

फोनमधली बाई म्हणाली, "माझ्या आईला हेच लाल औषध होते. आमच्या दवाखान्यात जुन्या औषधांचा वेगळा विभाग आहे. त्यांनी मुळे उकळून दिली. हृदयासाठी."

त्यानं फोटो दाखवले. एक पिवळट, चकत्या केलेलं मूळ, त्याला ते हुआंग-ची म्हणतात. एक लालसर, बोटाएवढं, दान-शेन. अजून दोनतीन होती. मग फोनमधली बाई म्हणाली, "हृदय हा राजा आहे. राजाला पहारा द्यावा."

"राजा न्हाई, पंप हाय," मालक फोनला म्हणाले. "पर पहारा म्हनतीय त्ये बराबर. पंपाच्या आधी गाळणी लागतीच."

मी विचारलं, "आई आता कशी आहे?"

लिऊभाऊनं व्हिडिओ दाखवला. म्हातारी कोबीच्या वाफ्यात कुदळ चालवत होती आणि मोबाइल धरणाऱ्यावर खेकसत होती. फोनमधली बाई म्हणाली, "हृदय चांगले आहे. स्वभाव वाईट आहे."

मालकांना ते पटलं. इतक्या उपायांमध्ये हा एकच असा होता, ज्याचा माणूस आधी मोजून बघत होता आणि मग बोलत होता. पुढच्या खेपेला त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. मला वाटलं, बाई झिडकारतील. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"चीनमध्ये अशी मुळं केमोबरोबर देतात, मला माहीत आहे. काहींच्या हृदयाला उपयोग झाला असं तिथले डॉक्टर सांगतात. मी खात्री देऊ शकत नाही. आणि मुळं आहेत म्हणून निरुपद्रवी समजू नका, आजोबा. माझ्या औषधाचं काम ती बिघडवूही शकतात. आणायची असतील तर पुडीत काय काय आहे, किती आहे, याचा कागद आणा. मी बघेन, मग ठरवू. तोवर एक थेंब नाही."

"कागद न्हाई तर माल न्हाई," मालक म्हणाले, आणि मी शपथेवर सांगतो, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चौतीस वर्षांत त्यांना असं बोलणारं दुसरं माणूस भेटलं नव्हतं.

योग असा की दुसऱ्या मशीनची ट्रायल घ्यायला कंपनीनं मला चीनला पाठवलं. बारा दिवस. लिऊभाऊ आधीच परत गेला होता आणि त्याच शहरात होता. ठरलं असं: मधल्या रविवारी सकाळी त्यानं मला त्या औषधांच्या दुकानात न्यायचं, माल घ्यायचा, दुकानदाराच्या सहीशिक्क्यानिशी कागद घ्यायचा. निघताना मालक गेटापर्यंत आले. "सात नंबर, माल इसरलास तरी चालंल. कागद इसरू नको."

शनिवारी तिकडच्या सप्लायरनं जेवण दिलं. त्यांची पांढरी दारू असते, छोट्या पेल्यात देतात आणि पेला रिकामा दिसला की उभं राहून पुन्हा भरतात. मी पंधरा वर्षं वेगवेगळ्या कंपन्यांत कुणापुढं मान वर करून बोललो नव्हतो. त्या दिवशी माझ्या सन्मानार्थ सतरा माणसं उभी राहत होती. मी सगळे पेले प्यालो.

रविवारी उठलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. फोनवर लिऊभाऊचे अकरा कॉल. शेवटी एक फोटो पाठवलेला. दुकानाच्या पायरीवर त्याची आई बसलेली, मांडीवर पिशवी. फोटोखाली भाषांतर करून लिहिलेलं: आई सकाळी आठपासून आहे. मुळे ती स्वतः निवडणार.

त्या वेळीही जाता आलं असतं. दुकान उघडं असणार. मी अंघोळ केली, आणि मला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून शेजारच्या मॉलमध्ये गेलो. तिथं पाय दाबायचं एक मशीन होतं, त्यात पाय घालून तासभर बसलो आणि मग ते विकतच घेतलं. मुंबईला उतरेपर्यंत ते बंद पडलं होतं. लिऊभाऊला मी उत्तर दिलं नाही. आजपर्यंत दिलेलं नाही.

घरी न जाता मी टॅक्सी पिंपरी कॅम्पात थांबवली. तिथं एक काष्ठौषधीचं दुकान आहे. म्हटलं, पिवळट मूळ द्या, लालसर मूळ द्या, हृदयाला चालेल असं काहीतरी द्या. त्यानं ज्येष्ठमध दिलं, मंजिष्ठा दिली, अर्जुनसाल दिली, वर शतावरी. चौदा पुड्या बांधून घेतल्या. सप्लायरनं चहाचा एक पत्र्याचा डबा भेट दिला होता, त्यावर सोनेरी ड्रॅगन. त्यातला चहा मी रस्त्याच्या कडेच्या कचराकुंडीत ओतला आणि पुड्या भरल्या.

मालक गेटाशीच होते. डोक्यावर टोपी, टोपीखाली तुळतुळीत. डबा दोन्ही हातांनी घेतला.

"कागद?"

"विमानतळावर काढून घेतला. लिऊभाऊ दुसरा पाठवणार आहे."

खोटं बोलताना माणूस अडखळतो म्हणतात. मी अजिबात अडखळलो नाही.

त्यानंतर रोज सकाळी काकूंच्या ओट्यावर स्टीलच्या पेल्यात तपकिरी काहीतरी निवत ठेवलेलं मला दिसायला लागलं. मालक ते नाक मुरडत प्यायचे. मी समजलो. कागद गेला खड्ड्यात, म्हातारा जिवाला घाबरला आणि काढा प्यायला लागला. मी विचारू शकत होतो, "मालक, हे काय पिताय?" पाच शब्दही नाहीत. पण विचारलं असतं तर पुढचंही बोलावं लागलं असतं. म्हणून मी चपला घालायचो, गाडीला किक मारायचो आणि चाकणला जायचो.

दुसरा इको आला एकोणसाठ. मालक म्हणाले, "झीज हाय. चालायचीच." तिसऱ्याच्या वेळी मीच बरोबर होतो. आत गेले, बाहेर आले, शर्टाची बटणं लावत बाकावर बसले.

"एक्कावन्न."

मी त्यांच्या हातातली फाइल घेतली आणि आकडा वाचला.

"लिमिटच्या वर हाय अजून. एका मायक्रॉननं का हुईना, पास त्ये पास." मग समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "सात नंबर. त्यो कागद?"

आयुष्यात मला एवढी मोकळी जागा कुणी दिली नसेल. बाकावर आम्ही दोघंच. आत डॉक्टरीणबाई, त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी लगेच काहीतरी केलं असतं. माझ्या डोक्यात चौदा पुड्या फिरत होत्या. कुठल्या पुडीनं याचा पंप खाल्ला? ज्येष्ठमधानं? सालीनं? जीभ टाळ्याला चिकटली होती असं म्हणायची पद्धत आहे. माझी चिकटली नव्हती. चांगली चालत होती.

"येतोय," मी म्हणालो. "मागवलाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पार्टच्या आतल्या बोअरमध्ये बघताना एक डोळा बारीक करतात, तसं.

"बरं," म्हणाले.

बाईंनी ते लाल औषध थांबवलं, दुसरं सुरू केलं, हृदयाच्या गोळ्या दिल्या. मालकांच्या गाठी विरघळल्या. केस आले, आधीपेक्षा दाट, आणि काकूंच्या मते उगाचच. आकडा हळूहळू अठ्ठावन्नपर्यंत चढला. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मीही खाल्ले. आणि दोन महिन्यांत मोशीला फ्लॅट बघून खोली सोडली. बायको म्हणाली, एवढी कसली घाई? मी म्हणालो, पोरीला शाळा जवळ पडेल. शाळा दोन किलोमीटर लांब पडली.

दर दिवाळीला मी फराळाची पिशवी घेऊन जायचो. उंबऱ्यातच उभा राहायचो. मालक म्हणायचे, बस, चहा घे. चहा व्हायचा. मालक कागदाचं नाव काढायचे नाहीत, मीही नाही. व्हर्निअरनं फटाक्याची वात मोजून दाखवायचे, मी हसायचो, निघायचो. एवढ्या वर्षांत मला एकच गोष्ट ठाऊक होती: हा माणूस जिवंत आहे तोवर मला बोलता येईल. म्हणून आज नको.

गेल्या वर्षी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. शहात्तरीचे होते. लोक म्हणाले, सोन्यासारखं मरण, हृदय बंद पडलं. मी स्मशानात सगळ्यात मागं उभा होतो. हृदय, म्हणे.

पंधरा दिवसांनी काकूंचा फोन आला. "तुजं सामान हाय हितं. घिऊन जा."

"माझं काय सामान, काकू?"

"ये की."

माळ्याखाली मालकांची एक मांडणी होती. वरच्या फळीवर हिरवी पट्टी, खालच्या फळीवर लाल, मधल्या फळीवर पिवळी. मधल्या फळीवर एकच वस्तू होती. सोनेरी ड्रॅगनचा डबा. झाकणाच्या कडीला पिवळ्या कार्डांचा जुडगा लटकत होता, किल्ल्यांचा असतो तसा.

"काकू, हे ते... हे त्यांनी घेतलं नाही?"

"काय घेतलं न्हाई?"

"मग सकाळी पेल्यात काय असायचं?"

"नाचणीचं आंबील. गूळ घालून. दुसरं काय ठरत व्हतं पोटात?" काकूंनी माझ्याकडं बघितलं. "कागद न्हाई तर त्यो मानूस पानीबी पेला नसता. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

मला माहीत होतं. सगळ्या चाळीत मलाच सगळ्यात जास्त माहीत होतं. त्यांनी नियम मोडला असेल असं मी समजलो, कारण मी मोडला असता.

पहिलं कार्ड मी परतलो त्याच दिवसाचं होतं. मालकांचं अक्षर, छापल्यासारखं.

माल: चायनाचं औषध, पुड्या १४. आणणारा: ७ नंबर. कागद: नाही. तपासणी: पुड्यांचा दोरा गुलाबी-पांढरा, असा पिंपरी कॅम्पात मिळतो. एका पुडीत अर्जुनसाल, आईला देत होतो, ओळखली. माल चायनाचा नाही. निर्णय: होल्ड. पुरवठादाराचा खुलासा:

खुलाशाचा रकाना कोरा होता.

मी कार्डं उलटत गेलो. दर महिन्याच्या एक तारखेला एक ओळ आणि सही. होल्डवरचा माल महिन्याला बघायचाच असतो. 'होल्ड चालू. खुलासा नाही.' 'होल्ड चालू. खुलासा नाही.' इको एक्कावन्न आला त्या महिन्याचीही ओळ होती: 'विचारलं. मागवलाय म्हणाला. होल्ड चालू.' एक कार्ड भरलं की त्याला दुसरं बांधलेलं. दिवाळीच्या महिन्यांत एकेक ओळ जादा होती. 'पुरवठादार आला. चहा घेतला. बोलला नाही.' पुढच्या वर्षी तेच. 'आला. चहा, एक चकली. बोलला नाही.' शेवटची ओळ ते गेले त्या महिन्याची. तीही होल्ड चालू.

लाल कार्ड कुठंही नव्हतं. मी दोनदा शोधलं.

काकू मोरीशी भांडी विसळत होत्या. मी त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पांढरी दारू, लिऊभाऊची आई, पाय दाबायचं मशीन, काष्ठौषधीचं दुकान. काकूंनी भांडी विसळायची थांबवली नाहीत. माझं संपल्यावर नळ बंद केला.

"येवडंच?"

"एवढंच."

"आन् येवड्यासाटी त्यांच्या हातचा चा सा वर्सं उबं ऱ्हाऊन पेलास?" त्यांनी पदराला हात पुसले. "लई जड गेलं रं त्यांना. म्हनायचे, पोरगं चांगलं हाय, येईल, सांगंल. मी म्हनलं, तुमीच इचारा की. तर म्हनायचे, इचारलं की त्ये उत्तर हुतं. खुलासा आपनहून द्यायचा असतो."

मी कार्डांच्या तारेला हात लावला. "हे काढता का, काकू? तुम्ही काढलं तरी चालेल."

"मी न्हाई काढायची. मी लावला न्हाई."

डबा घरी आणलाय. बायकोनं विचारलं, मी तिला सांगितलं. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही, आणि ते तिचं बरोबर आहे. खुलाशाच्या रकान्यात दोन बोटांची जागा होती. त्यात 'खोटं बोललो' एवढं मावलं. बाकीचं इथं लिहिलं.

टॅग तसाच आहे. लावणाऱ्यानंच काढायचा असतो.